त्या दोघांनी तारलेला सिनेमा

सिनेमा काढावा असं आपल्या लेखकाच्या मनात मुळीच नव्हतं. त्याला फक्त बायकोला एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकवायची होती.

लेखक म्हणायचं ते आपण. तसा तो विमा कंपनीत नोकरीला. लोकांचे दावे का मंजूर होऊ शकत नाहीत, हे त्यांना सभ्य भाषेत कळवणं हे त्याचं काम. पत्रात तो असा काही गोडवा आणायचा, की वाचणाऱ्याला वाटावं, भिंत आपली पडली खरी, पण त्रास बिचाऱ्या कंपनीलाच झाला. हे झालं पोटासाठी. खरं लिहिणं घरी आल्यावर. आणि लिहून झालं की बायकोला वाचून दाखवायचं, हा लग्नापासूनचा शिरस्ता. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची, मध्येच हसायची, "हा माणूस असं बोलणार नाही" म्हणायची, आणि तो तोंड वाकडं करून ते वाक्य बदलायचा. मग ती हातातली घडी तशीच ठेवून त्याच्याकडे बघायची. त्या बघण्यासाठी तो पुढची गोष्ट लिहायचा, असं म्हटलं तरी चालेल.

मग चिमणी झाली. चिमणी म्हणजे त्यांची लेक. बोलायला लागलेली, पळायला लागलेली, आणि झोप या प्रकाराशी जन्मापासून वैर धरलेली. तेव्हापासून बायको गोष्ट ऐकायला बसायची खरी, पण पहिला परिच्छेद संपायच्या आत तिची मान कलायची. तो थांबला की डोळे न उघडता म्हणायची, "ऐकतेय मी." एकदा त्याने परीक्षा घेतली. म्हणाला, सांग बरं, मग काय झालं? ती तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "तिला जुलाब झाले." गोष्ट एका दीपस्तंभाच्या रखवालदाराची होती.

आपला लेखक खट्टू झाला. गोष्टीचं एवढं नाही. पण हल्ली बायको त्याच्याकडे बघायची म्हणजे त्याच्या हातात काय आहे ते बघायची. बाटली आहे की दुपटं. दोन्ही नसलं की नजर पुढे सरकायची.

अशात बिल्डिंगचा वर्धापनदिन आला. सेक्रेटरीकाकांनी सभा बोलावली. काका ऑडिट खात्यातून निवृत्त झाले होते, पण ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. यंदा कार्यक्रम वेगळा हवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. गेल्या खेपेला गाणारे थांबायला तयार नव्हते आणि शेवटी दिवे घालवावे लागले होते. आपला लेखक कोपऱ्यात बसून डोळ्यांसमोर एक चित्र बघत होता: गच्चीवर अंधार आहे, बायको खुर्चीवर नुसती बसली आहे, मांडीवर घडी घालायचा एकही कपडा नाही, आणि समोर पडद्यावर त्याची गोष्ट चालू आहे. सिनेमा बघताना कोण झोपतं? त्या भरात तो बोलून गेला, की आपण एक छोटासा सिनेमा करू या. आपल्याच बिल्डिंगमध्ये, आपल्याच माणसांना घेऊन. हलकीफुलकी प्रेमकथा.

सभेने हे 'इतर' या सदरात मंजूर केलं आणि त्याच्या सुखाचे दिवस संपले.

गोष्ट साधी होती. एकाच बिल्डिंगमध्ये राहणारे दोघं जिन्यात रोज भेटतात, भांडतात, लिफ्टमध्ये अडकतात आणि शेवटी गच्चीवर प्रेमात पडतात. जिना हे जीवनाचं प्रतीक आहे, हे आपल्या लेखकाने सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सुधारणा सुचवल्या. तळमजल्यावरच्या सायन्सच्या बाई, ज्यांनी हयातभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यांचं म्हणणं असं, की प्रेमाबरोबर पाणी वाचवण्याचा संदेश सहज देता येईल. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना नायकाच्या आजोबांची भूमिका हवी होती. नायकाला आजोबा नाहीत म्हटल्यावर त्यांनी, मग ते वारलेले दाखवा आणि माझा फोटो लावा, अशी तडजोड सुचवली. फोटो लावावा लागला. सेक्रेटरीकाकांनी फक्त एवढंच बजावलं, की जिन्यात प्रेम करताना येण्याजाण्याचा मार्ग मोकळा राहिला पाहिजे.

कॅमेरा मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो. धंद्यात त्याचा हात धरणारा नाही, पण त्याला जगातली कुठलीही गोष्ट लग्नासारखीच दिसते. जिना दाखवायचा म्हटलं की कॅमेरा खालून वर, कठड्याला लाडाने स्पर्श करत जायचा. कुणी दार उघडलं की ते हळूहळू, स्वप्नात उघडल्यासारखं उघडायचं. वारलेल्या आजोबांच्या फोटोवरही त्याने कडेने गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. आजोबांना ते फार आवडलं.

नायक कोण, हा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर. दातांचे. उंच, देखणे, अविवाहित, आणि हसले की समोरच्याला स्वतःच्या दातांची लाज वाटावी असे दात. हे बोलावणं येणार याची ते कितीतरी वर्षं वाट बघत असावेत, कारण विचारायला गेल्यावर त्यांनी 'बघतो' म्हणेपर्यंत डाव्या बाजूचा चेहरा कॅमेऱ्याला अधिक चांगला जातो हेही सांगून टाकलं होतं.

अडचण एकच. डॉक्टर आपल्या लेखकाच्या बरोब्बर डोक्यावर राहायचे, आणि पहाटे दोरीच्या उड्या मारायचे. रात्रभर किरकिरून चिमणीचा डोळा लागला रे लागला, की वर धपधप सुरू. बायको झाडूच्या दांड्याने छताला ठोकायची. डॉक्टरांनी याबद्दल काकांकडे रीतसर तक्रार केली होती, की खालून ठोकतात त्यामुळे उड्यांची मोजणी चुकते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते. म्हणजे त्या दांड्याने उड्या कमी होत नव्हत्या, वाढत होत्या. हे कळल्यापासून बायको डॉक्टरांचा उल्लेख 'ते उडीवाले' असा करायची.

पण नायिका दुसरीच होती, म्हणून आपला लेखक निर्धास्त होता. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणारी एक शेजारीण त्याने निवडली होती. आवाज खणखणीत. फक्त "माझं तुमच्यावर प्रेम आहे" हे वाक्य तिने असं म्हटलं, की ऐकणाऱ्याने आपसूक सामान उचलावं. त्यावर मेहनत घेऊ, असं तो म्हणतोय तोवर तिची कामाची पाळी बदलली आणि ऐन शूटिंगच्या दिवशी नायिका गाड्या सोडायला निघून गेली.

डॉक्टर नटूनथटून उभे. मेहुण्याला संध्याकाळी एक साखरपुडा गाठायचा. लिफ्ट बंद ठेवायची परवानगी फक्त त्या दिवसापुरती, आणि तीसुद्धा काकांनी लिफ्ट उपसमितीचे एकमेव सभासद म्हणून स्वतःकडे अर्ज करवून, स्वतःच शिफारस करून, मग सेक्रेटरी म्हणून मोठ्या नाराजीने दिलेली. तेवढ्यात बायको चिमणीला कडेवर घेऊन, कशाचा खोळंबा झालाय ते बघायला खाली आली. मेहुणा म्हणाला, "ताई, तूच उभी राहा ना."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग विचारलं, "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," आपला लेखक म्हणाला.

"तेवढा वेळ हिला कोण घेईल?"

"मी."

चिमणी त्याच्या हातात कधी आली ते त्याला कळलंसुद्धा नाही. अर्धा तास अंगाला कुणी लोंबकळणार नाही, केस कुणी ओढणार नाही, एवढ्या भांडवलावर ती उडीवाल्यांवरही प्रेम करायला तयार झाली.

लिफ्टमधलं दृश्य असं होतं, की दोघं अडकतात आणि नायिका लाजत म्हणते, "तुमच्या पावलांची चाहूल लागली, की माझी झोप उडते." आपल्या लेखकाच्या मते सबंध संहितेतलं हे सर्वात नाजूक वाक्य. लिहिताना घरातली परिस्थिती त्याच्या ध्यानातच आली नव्हती. बायकोने ते वाक्य म्हटलं. ते ऐकून डॉक्टर मागे सरकले आणि त्यांच्या पाठीने धोक्याची घंटा दाबली गेली. मग बायको पुढची वाक्यं बोलू लागली, पण ती संहितेत नव्हती. पहाटेची झोप म्हणजे काय, ती कशी मिळवावी लागते, हे तिने लिफ्टच्या त्या कपाटाएवढ्या जागेत मनापासून सांगितलं. डॉक्टरांनी व्यायामाचं महत्त्व मांडलं. तिने झाडूच्या दांड्याचं मांडलं. डॉक्टर म्हणाले, माझं हृदय चांगलं राहावं म्हणून मी उड्या मारतो. ती म्हणाली, हृदय असतं तर मारल्या नसत्या.

"ही बाई अभिनय करत नाहीये," डॉक्टर दारातून ओरडले, "ही तक्रार करतेय."

आपला लेखक चिमणीला घेऊन "कट, कट" करत नाचत होता. मेहुणा मात्र ढिम्म. लग्नात भांडण झालं तर मी कॅमेरा कधीच बंद करत नाही, असं त्याने नंतर सांगितलं. अल्बम कुणी बघत नाही, भांडण मात्र लोक पुन्हा पुन्हा लावून बघतात.

यानंतर दोघांनीही जाहीर केलं, की त्या व्यक्तीसमोर पुन्हा उभं राहणार नाही. सिनेमात अजून प्रेमच व्हायचं होतं. आपल्या लेखकाने जिन्यावर बसून डोकं धरलं. सायन्सच्या बाईंनी त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि पाणीबचतीवर नायक एकटाही बोलू शकेल, याची आठवण करून दिली.

तोडगा मेहुण्याने काढला. त्यात त्याला काही विशेष वाटलंच नाही. नवरी तयार होते तेव्हा नवरा वेळेवर हजर असतो, असं थोडंच आहे? आम्ही नवऱ्याला वेगळा घेतो, नवरीला वेगळी घेतो, हसायला लावतो आणि जोडतो. बघणाऱ्याला वाटतं, काय एकमेकांत हरवलेत. दोघं एका जागी लागतात ते फक्त जेवणाच्या फोटोला.

त्याप्रमाणे गच्चीवरचा प्रेमप्रसंग दोन हप्त्यांत झाला. पहिला हप्ता डॉक्टरांचा. समोर नायिकेच्या जागी सायन्सच्या बाईंना उभं केलं, तर त्या डॉक्टरांचे उच्चार सुधारू लागल्या. खुर्ची ठेवली, तर डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर प्रेम कसं करू? शेवटी उजेड कमी पडतो म्हणून मेहुण्याने कुणाच्या तरी कपाटाचा उभा आरसा आणून समोर टेकवला, आणि चमत्कार झाला. डॉक्टरांची नजर समोर गेली ती तिथेच खिळली. ओठ किंचित विलग झाले. मान एका बाजूला झुकली. डोळ्यांत असं काही दाटून आलं, की आपल्या लेखकाने एवढं उत्कट, एवढं निष्ठावान प्रेम आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो पुन्हा घेऊ या म्हणाला नाही. आणखी घेतलं असतं तर डॉक्टरांना तिथून हलवणं अवघड झालं असतं.

दुसरा हप्ता बायकोचा. डॉक्टर तेव्हा दवाखान्यात. ऊन कलायला लागलेलं, मेहुणा 'हाच उजेड, हाच उजेड' म्हणून घाई करतोय, आणि चिमणी काही केल्या दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाही. रडून रडून ती बापाच्या खांद्यावर झोपली. आता नायकाची वाक्यं वाचायची कुणी? ती वाचल्याशिवाय नायिका उत्तर कशाला देणार? म्हणून आपला लेखकच कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला. एका हाताने चिमणीला धरलेलं, दुसऱ्याने तिची पाठ थोपटायची, मग कागद कुठे धरायचा? तो त्याने चिमणीच्या पाठीवरच पसरला आणि हनुवटीने दाबून वाचू लागला. ती उठू नये म्हणून आवाज कुजबुजता. थांबलं की ती हुंकारायची, म्हणून डोलणं चालू. त्याच्या खांद्यावर लाळेचा ओला नकाशा झालेला. चिमणीचा एक मोजा कुठेतरी जिन्यात पडलेला. अशा थाटात त्याने, तुझ्यावाचून मला दुसरं क्षितिज नाही वगैरे, अर्धं पान म्हणून दाखवलं.

यावर नायिकेचंही अर्धं पान होतं. त्यात सागर होता, पाऊलवाट होती. बायकोने त्यातलं काहीच म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "बरं." आणि नुसती बघत राहिली.

"झालं," मेहुणा हळूच म्हणाला.

"झालं काय? माझा सागर कुठे गेला?" आपल्या लेखकाने कुजबुजत विचारलं. "पुन्हा घ्या."

"नको," बायको म्हणाली, "ती उठेल."

झालं ते असं. सागराचं दुःख उराशी बाळगून आपला लेखक खाली उतरला.

वर्धापनदिनाला गच्ची भरली. पांढरी चादर ताणून बांधली होती. बायको आली, खुर्चीवर टेकली, चिमणीला मांडीवर आडवी घेतली. तिच्या मांडीवर घडी घालायचं काहीही नाही, हे आपल्या लेखकाने दोनदा पाहून घेतलं आणि तो मागे, प्रोजेक्टरपाशी जाऊन उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला. दोन बदामांच्या आत त्याचं नाव आलं आणि त्यावर पाकळ्या पडल्या. पुढे बराच वेळ जिना होता. जिना हे प्रतीक असल्याचं निवेदन चालू असताना लोकांनी खुर्च्या बदलल्या, पाणी प्यायलं, एकमेकांच्या पोरांच्या शाळेची चौकशी केली. कुणीतरी, अजून किती मजले आहेत, असं विचारलं. मग लिफ्ट आली. बायको आणि डॉक्टर भांडायला लागले, आणि पहिल्या वाक्याला गच्ची जी हसायला लागली ती थांबेना. आजोबांना उचकी लागली. आणि मग गच्चीवरचा प्रसंग. डॉक्टर बघतात. ती बघते. "बरं," ती म्हणते. सगळीकडे चिडीचूप. कुठल्याशा रांगेतून कुणाचा तरी लांब सुस्कारा ऐकू आला, आणि मग अशा काही टाळ्या पडल्या की चादरीची एक गाठ सुटली.

आपल्या लेखकाने धावत पुढे जाऊन बायकोची खुर्ची गाठली. ती झोपली होती. चिमणी झोपली होती. दोघींची तोंडं सारखीच उघडी होती. बदामांच्या पुढे तिने काही पाहिलंच नव्हतं.

यापुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. दूध आणायला जावं तर, जोडी काय जमलीय हो. लिफ्टमध्ये शिरावं तर, कथेत तसा राम नाही, पण त्या दोघांनी तारलं. काकांनी जाहीर अभिप्राय दिला, की संहिता आक्षेपार्ह नव्हती, परंतु जीव ओतला तो कलाकारांनी. 'केमिस्ट्री' हा शब्द तर पोरंसोरंही वापरू लागली. फक्त सायन्सच्या बाईंना तो पटला नाही. हे दोन पदार्थ एका परीक्षानळीत राहूच शकत नाहीत, हे मी त्या लिफ्टबाहेर उभी राहून स्वतः पाहिलंय, असं त्या म्हणत. पण त्यांचं कोण ऐकतं.

इथवर फक्त लेखक दुखावला होता. नवरा शाबूत होता. मग आजोबांनी एकदा जिन्यात त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रेमाने सांगितलं, की मनाला लावून घेऊ नका, अभिनयच असतो तो. आपल्या लेखकाने तोवर मनाला काहीच लावून घेतलं नव्हतं. घरी येऊन त्याने लावून घेतलं.

मेहुण्याकडून सिनेमा मागवून त्याने तेवढा भाग पुन्हा पुन्हा पाहिला. शंकाच नव्हती. हीच ती नजर. घडी हातात तशीच ठेवून बघायची ती. कुठे हरवली म्हणून तो घरभर शोधत होता, आणि ती सापडली कुठे, तर दातांच्या डॉक्टरांकडे. हे दृश्य घेताना तो स्वतः तिथे हजर होता, पण मनाला एकदा कीड लागली की माणूस हजेरी बघत नाही. पडद्यावर ती होती आणि समोर डॉक्टर होते, कुणीही बघावं.

मग त्याने प्रयत्न केले. नवा शर्ट घालून तो स्वयंपाकघरात उभा राहिला. बायको म्हणाली, कुठे निघालास, जाताना कचरा घेऊन जा. डाव्या बाजूचा चेहरा पुढे करून बसला. तिने मान अवघडलीय का विचारलं आणि मलम दिलं. शेवटी त्याने दोरी आणली. दुपारी, दार लावून, त्याने दोरीच्या उड्या सुरू केल्या. दोन उड्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या उडीला दोरी पंख्याच्या पात्यात गेली, दिव्याची काच खाली आली आणि कसाबसा डोळा लागलेली चिमणी टाहो फोडत उठली. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने त्याच्याकडे बघितलं. पण हवं होतं ते हे बघणं नव्हे.

आणि एवढ्यात समितीने ठराव केला: 'उत्कृष्ट जोडी' म्हणून त्या दोघांना ढाल द्यायची. येत्या रविवारी, खाली आवारात.

रविवारी सकाळी बायको चिमणीचे केस विंचरत बसली होती. चिमणी सुटायला बघत होती. आपला लेखक पलंगाच्या कडेवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"काय ते विचार. आणि तो चाप दे."

"गच्चीवर तू डॉक्टरांकडे जशी बघतेस..."

"मी कधी बघितलं?"

"सिनेमात. तू 'बरं' म्हणतेस आणि बघतेस. सगळी बिल्डिंग वेडी झालीय त्या बघण्यावर."

"मी कुठे पाहिलाय सिनेमा? झोपले होते." मग कंगवा थांबला. तिने मान वर केली. "अरे, पण डॉक्टर होते कुठे तिथे? ते तेव्हा कुणाच्या तरी तोंडात हात घालून उभे असतील. समोर तू होतास."

"मी तर नुसता वाचत होतो."

"हो ना. हिच्या पाठीवर कागद पसरून." तिला आता हसू आवरेना. "पोर झोपलीय, तू डुलतोयस, सगळी लाळ तुझ्या शर्टावर, आणि तोंडाने चाललंय, तुझ्यावाचून मला क्षितिज नाही. तेही कुजबुजत. मला तुझा तो सागर आठवेचना. हसले असते तर ही उठली असती."

"म्हणून तसं बघितलंस?"

"मग आणखी कसं बघायचं असतं?" असं म्हणून तिने चिमणीच्या केसात चाप खोचला आणि पोर त्याच्या मांडीवर ठेवून ती आवरायला निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

आपला लेखक चिमणीला घेऊन तसाच बसून राहिला. चिमणीने चाप काढून त्याच्या केसात लावला, तरी त्याला समजलं नाही.

मात्र खाली उतरता उतरता त्याच्यातला लेखक पुन्हा जागा झाला. लोकांना हे कळायला नको? ढाल कुणाला, टाळ्या कुणाला? आज ध्वनिक्षेपक हातात घ्यायचा आणि शांतपणे खुलासा करायचा, की मित्रहो, ज्या प्रेमाने आपण भारावून गेलात, त्यातलं निम्मं आरशात बघून झालेलं आहे आणि उरलेल्या निम्म्याचा मानकरी हा इथे बसला आहे. वाक्य त्याने जिन्यात घोळून घोळून गुळगुळीत केलं.

आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर सुटात आले होते. काकांनी ढाल कुणाच्या निधीतून आली हे सविस्तर सांगितलं, मग दोघांना वर बोलावलं. बायकोने चिमणीला त्याच्याकडे सोपवलं आणि ती गेली. काकांनी ढाल दोघांच्या मध्ये धरली. मेहुणा कॅमेरा घेऊन पुढे सरसावला आणि म्हणाला, सिनेमात बघितलं तसं बघा जरा.

डॉक्टरांना कसलीच अडचण आली नाही. ढालीचा पत्रा नवा होता, त्यात चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यांनी डावी बाजू पुढे केली, आणि ओठ किंचित विलग झाले. बायकोने मात्र डॉक्टरांकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर लिफ्ट आली. "ताई, तक्रार नको," मेहुणा म्हणाला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लिफ्ट.

हाच क्षण, असं समजून आपला लेखक खुर्चीवरून उठला. घसा साफ केला. "मित्रहो," तो म्हणाला, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण चिमणीने त्याचा चष्मा ओढून काढला आणि दांडी तोंडात घातली. तो ती दांडी सोडवायला लागला. तिने दुसऱ्या हाताने त्याचं नाक पकडलं. नाक सोडवावं तर चष्मा जातोय, चष्मा धरावा तर पोर निसटतेय. डोक्यावर तो चाप तसाच. मघापासून घोळवलेलं भाषण नाकातून येईना. त्याने हताशपणे समोर पाहिलं. चष्म्याविना सगळं धूसर होतं, पण एवढं त्याला कळलं, की समोरच्या त्या धूसर माणसांमधलं एक माणूस ढालीकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

मेहुण्याने कळ दाबली. टाळ्या झाल्या.

आपला लेखक खाली बसला. खुलासा करायचा राहून गेला तो गेलाच. नंतरही त्याने कुणाला सांगितलं नाही.

तो फोटो आता तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेला आहे. खाली 'उत्कृष्ट जोडी' असं लिहिलंय. येणारेजाणारे थांबतात, 'बघा, अजून तसेच' म्हणतात आणि वर जातात. डॉक्टर ढालीत बघतायत आणि ती चौकटीच्या पार बाहेर, डावीकडे, कुठेतरी बघतेय, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सायन्सच्या बाईंना संशय आहे.

संध्याकाळी कामावरून आला की आपला लेखक लिफ्टचं बटण दाबतो आणि फलकासमोर येऊन उभा राहतो. अगदी समोर नव्हे. जरा डावीकडे, गुडघे किंचित वाकवून, जिथे ती नजर येऊन पडते बरोबर तिथे. लिफ्ट येते, दार उघडून वाट बघते आणि रिकामीच वर जाते. हा प्रकार काकांच्या नजरेतून सुटलेला नाही. त्यांनी फलकावर, फोटोच्या शेजारीच, सही-शिक्क्यानिशी सूचना लावली आहे: रहिवाशांनी लिफ्ट अडवून या ठिकाणी विनाकारण उभे राहू नये.

आपल्या लेखकाने ती सूचना पूर्ण वाचली आहे. तीत 'विनाकारण' असा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे ती आपल्याला लागू होत नाही, असा निर्वाळा विमा कंपनीतल्या माणसाने स्वतःला दिला आहे, आणि तो रोज उभा राहतो.